ताटासमोरचा तक्ता

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला, पण ह्यांनी हात लावला नाही. मिलला टाळं लागल्यापासून तसंही गोड बोलायला घरात कोण उरलंय! परवा ह्यांना शुगर निघाली. दवाखान्यात सगळ्यांसमोर डॉ. ओरडले, "मरना है क्या? पैर कटेगा, फिर रोते हुए मत आना." गोळ्या दिल्या, वर लाल अक्षरांचा तक्ता. साखर विष, भात विष, बटाटा विष, तळलेला गराडू कंद तर महाविष. माथ्यावर कवटी. मीच मूर्खासारखा कणकेची खळ करून स्वयंपाकघरात चिकटवला.

१७ जाने.
जेवायच्या आधी हे तक्त्यासमोर उभे राहतात. हात मागे, मान खाली. मिलच्या फाटकावर नोटीस वाचायचे, अगदी तसे. साचाखात्यात, मागांवर जन्म गेला. भिंतीवर कागद लागला की कुणाचा पगार कापला, कुणाला घरी बसवलं, आणि शेवटी सगळ्यांनाच. वाचून खाली सही करावी लागायची, ‘वाचले, समजले’. आज अर्धी पोळी खाऊन उठले. "भूक नाही गं." खोटं.

२२ जाने.
परत दवाखाना. वजन उतरलं, बी.पी. चढला. मी म्हटलं, साहेब, हे काही खातच नाहीत, रात्रभर जागे असतात. तर म्हणे, "अच्छा है, डरना चाहिए." भीतीने पोट भरत असतं तर आमच्या ह्या मिलवाल्यांच्या परदेशीपुऱ्यात आज घरोघर ढेकर ऐकू आले असते. इतका राग आलाय की...

२९ जाने.
डॉ. रजेवर. त्यांच्या जागी आहार सांगणारी मुलगी, निशाताई, महूहून येते. आधी ह्यांना खुर्ची दिली. "काकाजी, सकाळी काय आवडतं?" हे चोरासारखे पुटपुटले, पोहे.
"मग खा ना मस्त! थोडे घ्या, मटार टाका बढिया. बस, जिलेबी नको, अन् सेव चिमूटभर. पण उपाशी नका राहू हं. गोळी घेऊन पोट खाली ठेवलं तर चक्कर येऊन पडाल."
हे हसले. खरंच हसले. घरी येताना रस्ताभर बोलत होते, मिलमधल्या जुन्या गमती. दोन पोळ्या खाल्ल्या. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं.

१ फेब्रु.
तक्ता ओला करून खरवडून काढला. पोहे खातात, झोपतात. बी.पी. सुद्धा उतरला. भाजीत मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसले. काय बरं वाटलं!

७ फेब्रु.
निशाताईची जागा बंद. खर्च कमी करतायत म्हणे. डॉ. परत आले. "किसने कहा पोहा खाओ?" नवा तक्ता, कवटी आणखी मोठी. मी पिशवीत कोंबला. घरी येऊन ह्यांनी मागितला, स्वतः चिकटवला.
मग म्हणाले, "माझ्याशी बरं बोलली, म्हणून काढलं पोरीला."
असं नसतं हो, म्हटलं. ऐकलंच नाही. मिलमध्ये जो मुकादम प्रेमाने वागायचा तोच आधी जायचा, एवढंच ह्यांना ठाऊक. तिलाच बोलवावं तर ताईचा घरचा पत्ता मी विचारलासुद्धा नव्हता.

८ फेब्रु.
बोलणं बंद. जेवण नावाला. मला काही सुचत नाही. मी काय बोलू म्हणजे हे खातील?

९ फेब्रु.
सकाळी पोहे केले, मटार घालून, वर लिंबू. ताईसारखंच म्हणून पाहिलं, "खा ना मस्त." माझ्या तोंडी ते भीक मागितल्यासारखं वाटलं.
तक्ता काढायला गेले तर खाली ह्यांचं अक्षर. ‘वाचले, समजले.’ सही. खाली मिलचा बिल्ला नंबर.
सही केलेला कागद ते मला काढू देणार नाहीत. बाहेर ओट्यावर बसलेत. हाक मारली, "अहो, पोहे गार होतायत." ओ दिली नाही.
गोळी मात्र वेळेवर घेतली आहे.