दोन माजी आमदारांच्या घरातला वरचा मजला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा आधी परिचारिका, मग दहा वर्षे आमदार, आता सेवानिवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी तीसपर्यंत पोचले, तोवर त्यांचाच हिशेब चुकला होता.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. दबावाखाली वागायची सवय असती तर आणखी पाच वर्षे आमदार राहिले असते. यापूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. यजमान घड्याळजी होते. त्यांचे भिंग, चिमटे आणि बारीक पेचकसांची पेटी चौकातल्या घड्याळवालीला द्यावी. ती त्यांच्याच हाताखाली शिकली. ‘पेटी विकीन’ असे ती गमतीने म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये.

कलम २. पुढच्या खोलीतले लाकडी बाक सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला द्यावे. हे बाक मूळचे आरोग्यमंत्र्यांच्या दालनाबाहेरचे. आमचा विभाग बंद होणार असे कळले तेव्हा मी तिथे परिचारिका होते. मंत्र्यांना भेटायला गेले आणि चार दिवस या बाकावर बसले. चौथ्या दिवशी त्यांचे सचिव वैतागून म्हणाले, “बाई, आत यायचं असेल तर निवडून या.”

मी विचारले, “त्याचा अर्ज कुठे भरायचा?”

निवडून आले, आत गेले आणि विभाग वाचला. पुढे जुने सामान लिलावात निघाले तेव्हा बाक घेऊन आले. बाळंतिणीच्या नातेवाइकांना टेकायला पाठ हवी, म्हणून एक फळी ठोकून मगच द्यावे.

कलम ३. भाषणांच्या फायली रद्दीत घालाव्यात. त्यातली निम्मी भाषणे माइक बंद असताना केली आहेत. एक फाईल मात्र लेकीने ठेवावी. दुसऱ्या खेपेला आमच्याच पक्षाने छोटी रुग्णालये मोठ्यांत विलीन करण्याचे विधेयक आणले. त्यात आमचा प्रसूती विभाग पुन्हा जाणार होता. बाजूने मत देण्याचा पक्षादेश होता. विरोध करणाऱ्यांनी उभे राहावे असे अध्यक्षांनी सांगितले, तेव्हा आमच्या बाकांवरून मी एकटी उभी राहिले. मग मागून एक उठले, मग आणखी तिघे. विधेयक तीन मतांनी पडले आणि मी पक्षाबाहेर पडले.

कलम ४. पक्षाध्यक्षांनी सत्कारात दिलेले काचेचे स्मृतिचिन्ह त्यांना परत करावे. त्यावर माझे नाव चुकीचे कोरले आहे. ते दुरुस्त करून देतो म्हणाले होते. वाट पाहून थकले.

कलम ५. वरचा मजला. घर सासऱ्यांनी बांधलेले. वर आम्ही, खाली धाकटे दीर. वरच्या मजल्याची मालकी लेकीकडे जावी. ती परगावी शिक्षिका आहे, सुट्टीत आली की तिला पुढची खोली पुरते. मागच्या दोन खोल्या प्रसूती विभागात शिकायला येणाऱ्या मुलींना फुकट राहायला द्याव्यात. लेक फोनवर म्हणाली, “चालेल आई. फक्त माझ्या पुस्तकांना हात लावायचा नाही.”

पण हा मसुदा लिहून घेणाऱ्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. “घराची वाटणी कागदावर झालेली नाही. दिरांची संमती लागेल.”

इथे घोडे अडले. पक्षाने मला काढले आणि पुढचे तिकीट याच दिरांना दिले. मी अपक्ष उभी राहिले आणि हरले. त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून आमचे सगळे बोलणे जाऊबाईंमार्फत. “भावोजींना सांगा, नळ चालू राहिलाय.” “वहिनींना सांग, बंद केला.” तिघेही एकाच अंगणात उभे.

रविवारी सकाळी मसुदा घेऊन जिना उतरले. भावोजी वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा काढून उठलेच.

“वहिनी? बसा ना.”

मी उभ्यानेच कलम वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “या मुली जिन्यावरून वेळी-अवेळी ये-जा करणार?”

“करणार. बाळं काय विचारून येतात?”

“मग जिन्याला कठडा हवा. मी करून घेतो.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “तुम्ही एकट्या उभ्या राहिलात ना, तेव्हा मी वर प्रेक्षक गॅलरीत होतो. टाळ्या वाजवल्या. शिपायांनी दंडाला धरून बाहेर काढलं.”

मला बसावेच लागले. “मग तिकीट का घेतलंत?”

“मी नको म्हटलं असतं तर ठेकेदाराला गेलं असतं. त्याला रुग्णालय पाडून तिथे गाळे काढायचे होते.”

“हे मला सांगायचं नाही?”

“कुणाच्या तोंडून सांगणार? हिच्या?”

जाऊबाई आतून म्हणाल्या, “माझ्या तोंडून अकरा वर्षं नळच सांगितलात!”

आम्ही तिघेही इतके हसलो की शेजारची शिंपीण काय झाले म्हणून बघायला आली. मग डोळे पुसायला मला पदर पुरेना. त्यांच्या पाच वर्षांत विभागात सहा खाटा वाढल्या होत्या. त्या मतदारांच्या भीतीने वाढल्या असे मी गावभर सांगत फिरले होते. ते विधान मी इथे मागे घेते.

कलम ६. भावोजींविरुद्धच्या माझ्या सर्व तक्रारी, लेखी व तोंडी, रद्द समजाव्यात. प्रचारात माझ्या फलकावर त्यांनी स्वतःचा फलक चिकटवला, ती एक कायम राहील. ती त्यांनाही मान्य आहे.

कलम ७. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझी शोकसभा झालीच तर कोणालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू देऊ नये.

आणखी दोन कलमे मनात होती. पण जाऊबाईंनी ताटे वाढली आहेत, माझेही वाढले आहे, आणि भावोजी मी येईपर्यंत जेवायला बसत नाहीत. म्हणून हे मृत्युपत्र वाचून, समजून, इथेच पुरे करते.

स्थळ: तळमजला, दिरांची बैठकीची खोली
दिनांक: १९ मार्च, रविवार, दुपारी पाऊण वाजता

(सही) मृत्युपत्र करणारी, माजी आमदार

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. (सही) धाकटे दीर, माजी आमदार
२. (सही) शेजारची शिंपीण