समोर उतरू नका

अण्णा, आज शिवाजीनगरला गेलो होतो, पडद्याचं कापड आणायला. सरळ कापडाच्या गल्लीत शिरायचं सोडून पाय तुमच्या दुकानाकडं वळले. माझं हे असंच, तुम्हाला ठाऊक आहे. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. काथ्याचा वास गेला, सोफ्याच्या स्प्रिंगा टांगायचा तो आकडा मात्र छताला अजून आहे, त्याला त्यांनी दिव्याची माळ गुंडाळलीय. मी बराच वेळ वर बघत उभा राहिलो तसा आतला माणूस कानडीत म्हणाला, "एनु बेकु सार?" काय पाहिजे ते सांगता येईना, म्हणून एक कव्हर घेतलं. माझ्या फोनला ते बसत नाही. कापड घ्यायचं राहिलंच, त्यासाठी परत वळावं लागलं. पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. मी समुद्राकाठी एक घर घेतलंय. विकत नव्हे, भाड्यानं. सुट्टीला येणाऱ्या लोकांना चार दिवस राहायला द्यायचं, असा धंदा. तुम्ही असता तर हे ऐकून आधी खाली बसला असता, आणि मग म्हणाला असता, "समुद्र? तू?"

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, ते एका परीनं बरंच झालं. कॉलेज मी अर्धं केलं, तेही रखडत. मग हंपीला एका हॉटेलात, मग डोंगरावर लोकांना चढवून आणायचं काम, मग महादेवपुऱ्यात घरोघर जेवणाचे डबे पोचवणं. कुठं टिकलो नाही. हे घरही मी शोधलं असं नाही म्हणता येत. गोकर्णाकडं चाललो होतो, बस चहाला थांबली, आणि रस्त्यानं एक माणूस डोक्यावर अख्खा दरवाजा घेऊन जाताना दिसला. चौकटीबिकटीसकट नाही, नुसता दरवाजा, कडीसह. हा एवढा दरवाजा घेऊन चाललाय कुठं, हे बघायला मी त्याच्या मागं गेलो. बस गेली. नारळाच्या बागेतून, मग वाळूतून, तो एका बसक्या कौलारू घरापाशी थांबला. पुढं ओटा, ओट्यापुढं सुरूची झाडं आणि त्यांच्यापुढं सगळा समुद्र. घराची मालकीण, साठीची बाई, कमरेवर हात ठेवून दरवाजा बसवून घेत होती. मी म्हटलं, छान आहे घर. ती म्हणाली, छान आहे तर राहा. झालं. अण्णा, तुम्हाला एक लाकूड पसंत करायला आठवडा लागायचा, आणि मी एका दरवाजामागं जाऊन घर केलं.

पण त्याच दिवशी तिनं आणखी एक सांगितलं. चहाचा कप हातात देता देता, सहज, मीठ जास्त झालंय म्हणावं तसं. "इथं समोर पाण्यात उतरू नको हां. खालून ओढ आहे. आमची माणसंपण उतरत नाहीत. न्हायचं तर तिकडं देवळाकडं, तिथं गावातली पोरं डुंबतात." मी मान हलवली. समोरचं पाणी इतकं गुळगुळीत होतं, तव्यावर पसरलेल्या घावनासारखं, की ओढ आहे हे खरंच वाटेना. आणि तरी त्या क्षणापासून ओट्यावर मला फार वेळ बसवत नाही.

मग मी घर सजवायला घेतलं. तुमचं रक्त म्हणा, नाहीतर खोड म्हणा. येणाऱ्याला दारातच वाटलं पाहिजे, की या, बसा, टेका. इथून बेंगळुरातून सगळं नेलं. जाड गालिचा, लोकरीची पांघरुणं, आणि तुमची ती आवडती डाळिंबी मखमल. तुम्ही दिलेल्या वाकड्या सुईनं मी स्वतः उशा शिवल्या. मधल्या सुट्टीत दुकानात यायचो तेव्हा हातात दिली होती तुम्ही ती, "बोटाला लागली तर रडायचं नाही" म्हणून. आपल्या या थंड गावात वाढलेल्या माणसाला घर म्हणजे ऊबच सुचते ना! पंधरवड्यानं गेलो तर मखमलीला बुरशी, गालिच्यातून पाणी निघेल असा ओलावा, आणि कपाटाचा खण असा फुगलेला की माझे दोन शर्ट अजून आतच आहेत. मालकीण पदर तोंडाला लावून हसत होती. "तुमच्या बेंगळुरात बर्फ पडतो काय रे? हे काय थंडीचं घर केलंस! इथं चटई टाक, सुती चादर टाक, वारा यायला जागा ठेव." तसं सगळं काढलं. आता चटया आहेत, वेताच्या खुर्च्या आहेत, ओट्यावर दोरीचा झोपाळा आहे, दाराशी पाय धुवायला मोठं घंगाळ. खरंच सुंदर दिसतंय अण्णा. फोटोत तर फारच. फोटो मी ओट्यावरून समोरच्या पाण्याचा काढलाय. तोच पहिला लावलाय.

तुम्ही सोफा पोचवायला जायचात ते मला आठवतं. गिऱ्हाइकाच्या बैठकीत ठेवला, की लोक हात फिरवायला पुढं यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "थांबा स्वल्प." मग तो सोफा तुम्ही उलटा करायचात. चारी पाय वर. खालचं गोणपाट, पट्ट्या, खिळे, सगळं उघडं. मला लाज वाटायची. लोकांच्या बायका बाजूला बघायच्या. एकदा जयनगरच्या एका घरी, लग्नाची घाई होती, तुम्ही असाच उलटा केला आणि एका पायाजवळची बारीक चीर बोटानं दाखवलीत. "हे आज सकाळी दिसलं. टिकेल, पण जाड माणसाला या टोकाला बसवू नका." त्यांनी सोफा घेतला नाही. टेम्पोत परत घालून आणला. मी रस्ताभर तुमच्याशी बोललो नाही, तर तुम्ही म्हणालात, "अरे, आपल्याला दिसलंय ना? मग ते आपल्या एकट्याच्या डोक्यात कशाला ठेवायचं?" तो सोफा घरीच राहिला. अक्काच्या हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये अजून आहे. मी आत्ता त्यावरच बसून लिहितोय. त्या टोकाला नाही.

आणि तुमची दुसरी सवय, सोफा तयार झाला की पोचवायच्या आधी त्यावर बसून दुपारचा डबा खायचा. रेक्झिन असो की मखमल, मांडीवर वर्तमानपत्र पसरून दहीभात. "लोक जिथं बसणार तिथं आधी आपण बसायचं."

समुद्राला आपण एकदाच गेलो. आपल्या मराठी लोकांची सहल होती, दोन बसेस, सगळ्या काकू अंताक्षरी खेळून घसा बसलेल्या. तुम्ही वाळूत चादर टाकून समुद्राकडं पाठ करून डबा उघडलात. कुणीतरी चेष्टा केली, "काय हो, एवढ्या लांब येऊन झाडं बघताय?" तुम्ही हसला नाहीत. माझं मनगट डाव्या हातात धरून उजव्या हातानं जेवत होतात. मी सुटलो. कसा ते आठवत नाही, पाणी आठवतं. पायाखालची वाळू कुणीतरी ओढून नेतंय, आणि वर खाली सगळं हिरवं. मग तुमचा हात. बूट, पँट, खिशातल्या किल्ल्या, सगळ्यासकट तुम्ही आत शिरला होतात. बाहेर आणून मला फाडकन मारलंत, आणि मग तुम्हीच थरथरायला लागलात. इतके, की काकूंनी तुम्हाला शाल पांघरली, मला नाही. किल्ल्या समुद्रात गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप फोडताना शेजारचा चहावाला म्हणाला, "काय अण्णा, स्वतःच्याच दुकानात चोरी?" तेव्हाही तुम्ही हसला नाहीत. नंतर समुद्राचं नाव आपल्या घरात कुणी काढलं नाही.

तर आता शनिवारी पहिली माणसं येणार. महादेवपुऱ्यात राहणारी एक बाई, तिचा नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. बाई मूळची पुण्याची. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला आणि माझं मराठी ऐकून ती ओरडलीच. "अय्या, तुम्ही मराठी? थँक गॉड! इथे दिवसभर हिंदी बोलून जबडा दुखतो हो. आणि कॉटेज किती क्यूट आहे! बीच अगदी समोरच ना? मुलगी पाण्यासाठी वेडी आहे, नवीन स्विमसूट घालून घरात फिरतेय." मागून मुलगी म्हणत होती, "काकांना विचार, शिंपले आहेत का?" मी म्हटलं, आहेत. म्हटलं, हो, बीच समोरच आहे. दोन्ही खरं. फोन ठेवला आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय.

डोळे मिटले की तो स्विमसूट दिसतो. रंग मला माहीत नाही, पण पिवळाच दिसतो. ओट्याच्या पायऱ्या उतरून सुरूच्या सावलीतून पळत जातो. दिवसासुद्धा दिसतो, सिग्नलला उभा असताना. अक्काला सांगितलं. ती कणीक मळत होती. "मग सांग ना त्यांना."

"सांगितलं तर येणार नाहीत."

"नाही तर नाही."

"अक्का, पहिलीच माणसं आहेत. ही नाही आली की मी हे पण सोडून देईन. मला माहितेय मी कसा आहे."

तिनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं. "म्हणजे तू टिकावास म्हणून त्यांच्या पोरीनं पाण्यात जायचं? सरी, बरं आहे की रे!" आणि पुन्हा मळायला लागली. अण्णा, ती तुमच्यासारखी दिसायला लागलीय, विशेषतः चिडल्यावर.

घर काही उलटं करून दाखवता येत नाही, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. आज तुमच्या दुकानातला तो आकडा बघून आलो, कापडाचं गाठोडं काखेत, आणि बस स्टँडच्या गोंगाटातच तिला फोन लावला. आधी तिला काही ऐकू येईना. मग मी ओरडूनच सांगितलं, की घराच्या समोर पाण्यात उतरायचं नाही. खालून ओढ आहे. मोठ्यांनीसुद्धा नाही. मुलांना खेळायची जागा वेगळी आहे, देवळाकडं, चालत जावं लागतं. शेजारी उभी असलेली एक फुलवाली माझ्याकडं बघायला लागली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "हे तुम्ही लिहिलं का नाही? फोटो तर समोरचाच लावलाय."

"भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही येणार नाही याची."

"आणि आता नाही वाटत?"

"आता दुसरी जास्त वाटते."

ती नवऱ्याशी काहीतरी बोलली. मला वाटलं, संपलं, आणि खरं सांगतो, हलकंही वाटलं. मग ती म्हणाली, "ऐका. आम्ही येतो. पण तो फोटो काढा. आणि तुम्ही तिथे हवेत, चारही दिवस. ती देवळाकडची जागा तुम्ही दाखवायची आणि मुलगी पाण्यात असेपर्यंत तिथे उभं राहायचं. तुम्हाला पोहता येतं ना?"

"नाही."

"मग काय करणार तुम्ही?"

मी काय बोललो ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. म्हटलं, "मनगट धरतो." ती हसली. "पोहायला तिचा बाबा आहे. मनगट तुम्ही धरा," म्हणाली आणि फोन ठेवला.

फोटो काढून टाकलाय. त्या जागी ओट्याचा लावलाय, आणि खाली पहिल्याच ओळीत ते लिहिलंय, मालकीण म्हणाली तसंच. पण मी किल्ली मालकिणीकडं देऊन शनिवारच्या आतच इकडं परतणार होतो, हे त्या बाईला कुठं माहीत? आता चार दिवस मला तिथं राहायचंय. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचंय, एका अनोळखी पोरीचा हात धरून, आणि तिनं हिसका दिला तर सोडायचा नाही. तुमची पकड इतकी घट्ट होती तरी मी सुटलोच होतो ना अण्णा. हे सारखं मनात येतं.

संध्याकाळची बस आहे. पडदे शिवून झाले, तुमच्या सुईनं नव्हे, अक्काच्या मशीनवर. तिनं डबा भरून दिलाय, दहीभात आणि लोणचं, न मागता. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते गाठोड्यात पडद्यांच्या घडीत जाईल आणि तिथल्या दमट हवेत विरेल. एक मात्र कुणाला बोललो नाही. इतक्या वेळा गेलो, चटया टाकल्या, झोपाळा बांधला, पण त्या घरात मी अजून एकदाही जेवलो नाही. प्रत्येक वेळी मालकिणीच्या मागच्या अंगणात जाऊन बसतो, जिथून पाणी दिसत नाही. उद्या दुपारी ओट्यावर डबा उघडीन. तोंड कुठं करून बसेन, ते आत्ता नाही सांगता येत.