मागची डावी काच

ता. २, सोमवार

खोली मिळाली! गॅरेजच्या वरची. खरं तर एकाच माणसाला पुरेल एवढी, पण आम्ही दोघं मावू. लोखंडी जिना, एक दार, एक खिडकी. मालक म्हणाले, हा आठवडा तुझं काम बघतो, पसंत पडलं तर खोली तुझी. नाही पडलं तर आलास तसा जा.

लगेच आईला फोन केला. ती दादाकडे असते, म्हणजे दादाच्या घरातल्या बोळात खाट टाकून असते. वहिनी वाईट नाही, पण आईचा खोकला सुरू झाला की तिची भांडी जरा जोरात वाजतात. आईने एवढंच विचारलं, खिडकी आहे ना? तिला दमा आहे. बंद जागेत जीव घाबरा होतो आणि ओल लागली की छाती भरते. रविवारी तिला आणायचं ठरलं.

खिडकीच्या चौकटीतून पावसाचं पाणी येतं, भिंतीला पोपडे धरलेत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्या फटी गाडीच्या काचेला लावतात त्या सिलिकॉनने भरून काढल्या. आता आत थेंब येणार नाही. उघडायची झाली तर पात्याने सिलिकॉन कापावं लागेल, ते पाऊस सरल्यावर बघू. काम सुबक झालंय. मिस्त्री वर येऊन बघून गेले. म्हणाले, कारकुना, खिडकी बसवलीस की बाटलीला बूच मारलंस? मी सगळं लिहून ठेवतो म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव कारकून ठेवलं. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ही बढतीच म्हणायची.

ता. ३, मंगळवार

आज माझी पहिली गाडी. पाऊस आत शिरलेली. एक वयस्कर काका घेऊन आले. छत्री मिटायचंही भान नव्हतं, उघड्या छत्रीसकट ऑफिसात शिरत होते. मागची डावी काच बोटभर खाली होती आणि रात्रभराचा पाऊस त्या फटीतून आत. मागे पाय ठेवला की चपक् चपक् वाजायचं.

हे काम घाईचं नाही. आधी व्हॅक्यूमने पाणी ओढायचं. मग सीट सोडवून मॅटिंग उचलायचं आणि खालचा नमदा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा थर, काढायचा. खरी ओल नमद्यात लपते, वरून हात फिरवून कळत नाही. बुडाची रबरी बुचं काढून उरलेलं पाणी खाली सोडायचं. मग ब्लोअर, आणि चारही दारं सताड उघडी. सुकलं की नाही हे बघायची माझी रीत अशी: जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर गुडघा टेकायचा. कागद कुरकुरीत निघाला तर कोरडं, मऊ पडला तर परत पहिल्यापासून.

काका फाटकापर्यंत गेले आणि परत वळून आले. म्हणाले, मागची डावी काच पूर्ण लावू नका हां, बोटभर खाली असू द्या. मी हो म्हणालो. मिस्त्री मागून पुटपुटले, पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि फुंकर धोंड्यालाच घालायची, असली ही गिऱ्हाईकं.

ता. ४, बुधवार

पुढचं सगळं सुकलं. मागची उजवी बाजू सुकली. मागची डावी सीट मात्र ओली ती ओलीच. फोम पिळला, टॉवेल बदलले, थोडं ऊन आलं तेव्हा सीट दारात नेऊन उभी केली. तासाभरात परत ओली. तीही सगळीकडे नाही. बैठक आणि पाठ, माणूस टेकून बसतो तेवढीच जागा. मिस्त्री म्हणाले, ही गाडी आहे की विहीर?

शेवटी त्यांनी तहानल्या काढला. हवेतली ओल ओढून टाकीत पाणी साठवणारं मशीन. नाव त्यांनीच ठेवलेलं. तहानल्याचा नियम ब्लोअरच्या उलटा, सगळं घट्ट बंद हवं. फट राहिली तर तो बाहेरच्या जगाचं पाणी पीत बसतो. मी काकांच्या सांगण्याची आठवण करून दिली. मिस्त्री म्हणाले, गाडी सुकली की ठेव हवी तेवढी फट, त्यांना कुठे कळतंय. मी काच वर केली. रबर जुनं होतं म्हणून वरून चिकटपट्टीही लावली. कोपरेसुद्धा नीट.

पाठ भरून आलीय. बोटांना सुरकुत्या पडल्यात, जन्मभर धुणं धुतल्यासारख्या.

ता. ५, गुरुवार

सकाळी टाकी काठोकाठ. ओतली. दुपारी परत काठोकाठ. सीट ओलीच.

बाकी काचा स्वच्छ आहेत. फक्त मागच्या डाव्या काचेवर, आतून, वाटीएवढं धुकं. दार उघडून पुसलं, दार लावलं. परत आलं. मग आक्रसलं. मग परत पसरलं. मशीनचा झोत लागत असेल म्हणून मशीनचं तोंड फिरवलं. तरी त्याची ये-जा चालूच. बघता बघता माझा श्वास त्याच लयीत पडायला लागला. तो गोल लहान होत गेला तसा माझा श्वासही लहान होत गेला. धाप लागून मागे सरलो तेव्हा मालक ओरडले, गाडी सुकवायला दिलीय, तोंड बघायला नाही.

दमलो आहे. जिना चढताना मध्येच बसावं लागलं. छातीत शिट्टी वाजते. माझी छाती कधी अशी नव्हती. ही आईची छाती आहे.

ता. ६, शुक्रवार

काका गाडी बघायला आले. बंद काच बघितली, चिकटपट्टी बघितली आणि टायरच्या थप्पीवर बसले.

मग सांगितलं. त्यांची आई मागे डावीकडे बसायची. ते औषधं आणायला दुकानात गेले होते. पाऊस भुरभुरत होता, म्हातारी भिजेल म्हणून सगळ्या काचा लावल्या, गाडीला लॉक केलं, किल्ली खिशात. किल्लीशिवाय काचा उतरत नाहीत आणि मागचं दार आतून उघडत नाही. दुकानात ओळखीचे भेटले, गप्पा लांबल्या. बाहेर पाऊस थांबून कडक ऊन पडलं ते त्यांना आत कळलंच नाही. परत आले तेव्हा आईचं तोंड काचेला चिकटलेलं होतं.

तेव्हापासून ते फट ठेवतात. फट असली की ती बाहेरची हवा घेते, कुणाला त्रास देत नाही. बंद केली की मिळेल तिथून घेते. हे त्यांनी इतक्या थकल्या आवाजात सांगितलं की मला भीती वाटायच्या आधी शीणच आला.

मी मालकांना म्हणालो, काच उघडतो. मालक म्हणाले, यांच्या मुलीने गाडी विकलीय, रविवारी सकाळी घेणारा न्यायला येतोय, त्याला मी ओली सीट दाखवू का? मशीन चालू असताना काच उघडलीस तर खोलीची किल्ली टेबलावर ठेव आणि चालायला लाग. काका उठून गेले.

मी काचेपाशी गेलो. चिकटपट्टीचा एक कोपरा उचलला. मग दादाच्या घरातला तो बोळ आठवला. आईची खाट. भांडी.

कोपरा परत दाबून बसवला.

ता. ७, शनिवार

आई आज आली. एक दिवस आधीच. दादाने फाटकापाशी उतरवलं, स्वतः गाडीतून उतरलाही नाही.

मी रबर आणायला गेलो होतो. धो धो पाऊस. शेडमध्ये पाणी शिरलेलं, बसायला कोरडी जागा कुठेच नाही. मिस्त्रींनी मशीन बाहेर काढलं, त्या गाडीच्या पुढच्या सीटवर पिशवी ठेवली आणि आदराने मागचं दार उघडून दिलं. म्हणाले, बसा मावशी, पोरगा येईलच इतक्यात. शिंतोडे येतात म्हणून दार लावून घेतलं.

मागे. डावीकडे.

मी आलो तेव्हा काचेवर दोन गोल होते. शेजारी शेजारी.

दार ओढलं. आई ठीक होती. हसली. म्हणाली, अरे, ओरडतोस काय असा? या बाईंनी सरकून जागा दिली की मला. फार बोलत नाहीत, धाप लागते बिचारीला, माझ्यासारखीच.

गाडीत दुसरं कुणी नव्हतं. सीटवर कागद ठेवून गुडघा टेकला. कुरकुरीत निघाला. इतके दिवस मरमर केली आणि आता ठणठणीत कोरडी. मालकांनी पाठ थोपटली. खोली तुझी, म्हणाले.

आईची पाठ चिंब. पाऊस तर तिला लागलाच नव्हता.

शनिवार, तिन्हीसांज

आईला धरून वर आणलं. जड होती. एका माणसाचं वजन नव्हे ते.

वारा येतो म्हणून तिने दार लावायला सांगितलं. लावलं. आता उघडत नाही. फुगलंय, चौकटीत घट्ट. खाली कुणी नाही, मालक कुलूप लावून गेले. हाका मारल्या. आवाज जिन्यापर्यंतही जात नाही. बोलायला श्वास पुरत नाही म्हणून लिहितोय —

खिडकी. सिलिकॉन मीच भरलंय. पातं खाली, हत्यारांच्या पेटीत. फोनही खालीच राहिला. नखांनी —

काच फोडायला स्टूल उचललं. उचललं गेलं नाही.

काचेवर गोल नाही आता. सगळी काच पांढरी. पसरते, आक्रसते —

आई झोपलीय. खोकला नाही. शिट्टी नाही. कधी नव्हे ते मोठे, भरलेले श्वास घेतेय. किती वर्षांनी. उठवावं तर — नको. झोपू दे तिला, थोडी —

खाटेच्या डाव्या कडेला सरकून झोपलीय. उजवीकडची चादर ओली. माणूस टेकतो तेवढीच —

झोपेत बोलतेय. माझ्याशी नाही. कौतुकाने सांगतेय कुणाला तरी, माझ्या मुलाचं काम कसं आहे बघा, कोपरेसुद्धा नीट, कुठे एक फट म्हणून ठेवत नाही हो, एक —