फोटोतली निळी वेल

यवतमाळ, मंगळवार, संध्याकाळ

आज केळापूरकडच्या मुलींच्या वसतिगृहात न्हाणीघराची भिंत फोडून आले. पांढरी टाइल, तिच्यावर निळी वेल. मीच निवडली होती. छिन्नी बसली की निळे तुकडे पायाशी पडत होते.

साइट इंजिनीअर म्हणून कामाचं वेळापत्रकही माझंच होतं. आधी पाइप, मग पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि ती झाल्याशिवाय टाइलला हात लावायचा नाही, असं साफ लिहिलं होतं. पण उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळाली आणि आमच्या ठेकेदार सरांनी चाचणीच उडवली. "काहून टेन्शन घेऊन राह्यल्या, मॅडम? फोटोत टाइल दिसते, पाइप नाही दिसत."

फीत कापली, निळ्या वेलीपुढे फोटो निघाले. पाणी सोडलं आणि भिंत पाझरायला लागली. आता पोरी पहाटे अंधारातच हापशीवर आंघोळ उरकतात. वॉर्डनबाई म्हणाल्या, "बाईमाणूस असून तुमाले समजलं नाही?" काय सांगू? समजलं होतं म्हणून? मग गप्प कायले बसल्या, असं विचारलं असतं त्यांनी.

संध्याकाळी सरांनी दुरुस्तीचं वेळापत्रक मागितलं. या वेळी चाचणी आधी, एवढं बोलले मी. ते म्हणाले, "घ्या ना, नाही कोण म्हणते? फक्त पहिले तारीख लिहा."

लिहिली. नूतनीकरणाचं उद्घाटन. बाकीची कामं, चाचणीसुद्धा, आता त्या तारखेच्या अलीकडे कोंबायची आहेत.

टाइल तीच आणा म्हणाले, निळ्या वेलीची. फोटोत चांगली आली होती.