गणपतीपर्यंत बाजूला ठेवलेली सायकल

फणसोप, रत्नागिरी
रविवार, दुपार

प्रिय नितेश,

परवा फोनवर तू पुन्हा म्हणालास, "कायमचं गावी येण्याचं आता पुढच्या गणपतीत बोलू." मी बरं म्हटलं, कारण आप्पा समोर बसले होते. तुझ्या वडिलांना इतर वेळी हाक मारून मारून घसा बसतो, पण मी तुझ्याशी बोलायला लागले की त्यांना सगळं ऐकू येतं. आणि तू "चल, ठेवतो" म्हणालास की माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी बातमी. मी सायकल घेतली. स्कूटर बंद पडली ती अजून पडवीतच आहे. आप्पा तिच्यावर पंचे वाळत घालतात. पतसंस्थेत जायला एस.टी. नाहीतर रिक्षा. संध्याकाळी परतताना बस भरलेली येते, थांबत नाही, आणि मी हातात भाजीची पिशवी घेऊन पुढच्या बसची वाट बघते. घरी आल्यावर आप्पांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, पंपाची कुरकुर. आजारी नाही मी. नुसती दमले आहे, आणि झोपून उठलं तरी ते जात नाही.

माझ्याबरोबर काउंटरवर बसणारी शरीफा तुला आठवत असेल. तिचा नवरा कुवेतला असतो. ती वर्षभर सायकलने येते आणि रविवारी आरे-वारेच्या समुद्रावर जाते. तीच मला उन्हाळ्यात तिच्या भावाच्या, मन्सूरभाईंच्या दुकानात घेऊन गेली. मला एकच सायकल हवी होती, कामाला आणि रविवारी फिरायलाही चालेल अशी. बारीक चाकांची छान पळत होती, पण आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत आणि खडीत तिने माझी मनगटं मोडली असती. जाड टायरची, पुढे स्प्रिंगवाली, दिसायला दणकट; पण पुलानंतरचा चढ तिच्यावर चढायचा म्हणजे म्हैस ओढत नेल्यासारखं. तिसरी मधल्या टायरची, सरळ हँडलची, मोजक्याच गिअरची. मन्सूरभाई म्हणाले, "वहिनी, ही सासरीपण नांदेल आणि माहेरीपण." मी तीच पसंत केली. मडगार्ड आणि कॅरिअर बसवून घ्यायचं ठरलं.

आणि मग मी काय केलं असेल? म्हटलं, गणपतीत हे येतील, त्यांना एकदा दाखवते. मन्सूरभाईंनी जराही नवल केलं नाही. त्यांच्या दुकानात मागच्या बाजूला अशा सायकलींची एक रांगच आहे. प्रत्येकीच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि सण. कुणाची शिमग्याला, कुणाची ईदला, बहुतेक गणपतीला. घरचा माणूस मुंबईहून, आखातातून येईल, बघेल, हो म्हणेल, मग सायकल दुकानाबाहेर पडेल. माझीही त्या रांगेत लागली.

गणपतीत तू आलास. आरत्या, पाहुणे, तुझे ते ऑफिसचे फोन, आणि गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तू मुंबईच्या गाडीत बसलास. दुकानात जायचं राहून गेलं. मी आठवण केली नाही असं नाही, तू म्हणालास, "पुढच्या वेळी निवांत बघू."

परवा तुझा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. सायकल तिथेच होती. प्लास्टिकच्या कागदाखाली, दोन्ही टायर बसलेले, खाऱ्या हवेने चेन तांबूस झालेली. नवीकोरी सायकल, एकदाही रस्त्यावर न आलेली, आणि गंजलेली. मन्सूरभाई ओशाळले. म्हणाले, "साहेब आले नाहीत काय?" शरीफा तिथेच होती. ती म्हणाली, "साहेब येतात रे, पण ते मोदकाला येतात." मी हसले. घरी येईपर्यंत ते वाक्य मात्र माझ्याबरोबर होतं. मन्सूरभाईंनी चेन बदलून दिली, हवा भरली, मी तिथूनच चालवत आले.

आप्पांनी दारापुढच्या खळ्यात सायकल बघितली आणि म्हणाले, "अगो बाय, ह्या वयात? आणि नितेशला इचारलंस?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, मग म्हणाले, "घंटी वाजते काय बघ." आज सकाळी मी निघाले तेव्हा फाटक त्यांनीच उघडलं.

मी आणि शरीफा आरे-वारेला गेलो होतो. चढावर दोघीही उतरलो, सायकली ढकलत, धापा टाकत. उतारावर वारा कानात भरला आणि मला कॉलेजातले भाट्याच्या किनाऱ्यावरचे दिवस आठवले. ओहोटीला ओली वाळू टणक व्हायची, तिच्यावर तू मला सायकल शिकवलीस. कॅरिअर धरून तू असा पळायचास की मला चालवताच यायची नाही. शेवटी मीच ओरडले, "सोड की आता!" तुला किती राग आला होता. माझं काही वाकडं होऊ नये, एवढंच तुझ्या मनात होतं. ते मी विसरलेले नाही, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

सायकलच्या हँडलची चिठ्ठी मी काढून आणली आहे, ती या पाकिटात ठेवते. 'ज्ञानेश्वरी, गणपती' एवढंच आहे तिच्यावर, मन्सूरभाईंच्या अक्षरात. वाचलीस की तुला कळेल मी हे पत्र का लिहिलं. तू कायमचा येणार की नाही येणार, दोन्ही मला ऐकता येईल. येणार नसशील तर तसं सांग. मी रडेन, मग आप्पांचा चहा ठेवीन आणि सोमवारी कामाला जाईन. पण पुढच्या गणपतीपर्यंत थांबायला मी आता तयार नाही. एखाद्या साध्या रविवारी ये, ज्या दिवशी ना आरती असेल ना पाहुणे. आल्यावर आधी तेवढंच सांग. मग वाटलं तर सायकल बघ. तिला आता तुझ्या होकाराची गरज नाही, पण तू बघावीस असं मला वाटतं.

तुझीच, अजून तरी,
ज्ञानेश्वरी