नोंदणी खिडकीची पोस्ट

२ नोव्हेंबर १९७८, गुरुवार
वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याचं कॉल लेटर आलं. तेरा तारखेला, सकाळी नऊ. पोस्ट नोंदणी क्लार्कची. बी.ए. सेकंड क्लासला खालचीच. पण एकदा आत शिरलो की वर्षभरात ऑफिस सुपरिंटेंडेंट. त्यांना तरी माणसं मिळतात कुठे? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सात वर्षं कापसाचं तूस खाल्लं, बस झालं.

४ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे पाचला उठून जनरल नॉलेज.

५ नोव्हेंबर
नलूने उठवलं नाही. ती म्हणते, दोनदा उठवलं. बायकांना नवऱ्याच्या प्रगतीचं सोयरसुतक नसतं.

८ नोव्हेंबर
राजीनामा दिला. मालक भैय्याजी म्हणाले, वासुदेवराव, ऐन सीझनात काऊन? पयले तिकडची नौकरी तं लागू द्या! दुकानदारी डोकं, दुसरं काय. नलूला सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ, परतीच्या एस.टी.त
इंटरव्ह्यू उत्तम.
अकरा उमेदवार, दहा भरताड. शेजारी वडनेरची जयवंता म्हणून एक बाई. नुसती मॅट्रिक, गावात बालवाडी चालवते. मला विचारते, भाऊ, आत काय काय इचारतेत? म्हटलं, तुम्हांला काय विचारणार!
जनरल नॉलेजचा एकही प्रश्न नाही. प्रत्येकाला अर्धा तास खऱ्या खिडकीवर बसवलं. नाव, गाव, वय, तक्रार लिहायची आणि पेशंटच्या हातात केसपेपर द्यायचा. ही काय परीक्षा? बाजूला मेट्रनबाई घड्याळ धरून.
माझा पहिलाच पेशंट तानबा नावाचा म्हातारा. वय विचारलं तर म्हणे, नातीचं लगन झालं, आता तुमीच लावा हिशोब. तक्रार काय, तर पोटात गोया उठून राह्यला. म्हटलं, गोया नाही, गोळा. तीनदा म्हणवून घेतलं. शिस्त कुणीतरी लावायलाच हवी. वीस-पंचवीस मिनिटांत चार केसपेपर झाले, पण मोत्यासारखे. रांगेतले गावंढळ ओरडायला लागले. मेट्रनबाईंनी वेळ संपायच्या आधीच पेन काढून घेतलं. समाधान झालं असावं.
माझ्यानंतर जयवंता. वयं सरळ अंदाजाने ठोकून देत होती. तानबा बाकावर वाकडा होऊन बसला होता, तर ही खिडकी सोडून उठली आणि त्याला धरून थेट डॉक्टरकडे घेऊन गेली. परीक्षा चालू असताना! आटोपलं बाईचं.

१८ नोव्हेंबर
राजीनाम्याचं नलूला शेजारच्या कमलाबाईंकडून कळलं. ही काही बोलली नाही. अजूनही बोलत नाही, ताट वाढून निघून जाते. शांतता बरी असते.

२१ नोव्हेंबर
पत्र आलं. जयवंता लागली. वशिला, दुसरं काय! वडनेरसारख्या गावाचा वशिला कुठवर पोचतो बघा.
सहज जिनिंगवर चक्कर टाकली. माझ्या खुर्चीवर कवडू. आठवी पास. भैय्याजींनी चहा पाजला. बेचव.

२४ नोव्हेंबर
अन्यायाविरुद्ध चार पानी अर्ज घेऊन वर्ध्याला. ऑफिसच्या दारावरचा माणूस म्हणाला, तक्रार हाये ना? मंग खिडकीवर लागा. ह्या गाढवाला तक्रारी-तक्रारीतला फरक कळेना. तासभर रांगेत.
खिडकीत जयवंता. म्हटलं, तक्रार तुमच्याच निवडीविरुद्ध आहे. म्हणाली, आना ना भाऊ. पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, तो तानबा बुढा वाचला बरं का, त्याच दिवशी आपरेशन झालं, डाक्तर म्हने अजून उशीर झाला असता तं गेला असता.
म्हटलं, दुसरं पान वाचा.
माझ्याकडे बघत राहिली. मागे एवढी रांग. विचारलं, भाऊ, रात्री झोप लागते का तुमाले?
म्हटलं, नाई लागत.
कधीपासून?
आठ तारखेपासून.
तिने कागदावर लिहिलं, म्हणाली, सात नंबरच्या खोलीत जा, मी मंग अर्ज साहेबाले देतो. आणि गेलो. का गेलो, माहीत नाही.
डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. नाडी पाहिली, जीभ पाहिली. कागदावर मान घालूनच विचारलं, काम काय करता?
पंख्याकडे बघत बसलो. त्याने पुन्हा विचारलं.
काही नाही, म्हटलं.
त्याने तेवढंच लिहून घेतलं.