मीटरचं पाणी, पाटाचं पाणी

सोहार, ओमान
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना सुशीलचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता आणि मग वैभवीताईला विचारता, मी काय म्हणालो. म्हणून लिहितोय. ताई कागदावर छापून देईल.

इथे समुद्राचं पाणी गोड करून शेती करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. टोमॅटोत ते परवडतं. मालकांना मात्र घरचा गहू हवा होता. खर्चाचा अंदाज मी मांडला, वीस एकर पेरले, आणि काल मीटर पाहिल्यावर चूक कळली. आपल्याकडे पाणीपट्टी एकरावर असते, पाणी किती सोडलं ते कोण मोजतं? त्याच सवयीनं मी एकरी एकच आकडा धरला. इथे लिटरालिटरला पैसे पडतात. किलोभर गव्हाला दीड हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच साठ रुपयांचं. बाजारात गहू तीसनं मिळतो.

मालकांना अजून कळलेलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल. गप्प बसलो तर कापणीपर्यंत निभेल. काय करू ते कळवा. गुडघ्याला तेल लावत जा. मायेत अंतर नसावं.

आपला,
सुशील


रामदासपेठ, नागपूर
११ डिसेंबर

चि. सुशील यास अनेक आशीर्वाद. पाटकऱ्याचा पोरगा पाण्यात बुडाला आणि तोही वाळवंटात, हे वाचून आधी हसू आलं. मग जेवण गेलं नाही.

तीस वर्षं मी कालव्यावर लोकांच्या शेतात पाळीनं पाणी सोडलं. तुले पाण्याचा हिशेब मीच शिकवला, तर चूक अर्धी माझी. पण लपवून काहून ठेवतं गा? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. रोज त्या माणसाच्या तोंडाकडं पाहून कसा बोलशील? उद्याच सांग. नोकरी गेली तर घरी ये, रामटेकचं धान आहेच. वैभवी तुझ्या खोलीत कपडे वाळवून राहिली, तेवढे काढाले लावतो. जिवाले जप.

तुझा बाबा


सोहार
१६ डिसेंबर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. सांगितलं. मालकांनी मीटरचे आकडे स्वतः तपासले. मग सोळा एकरांचं पाणी बंद करायला सांगितलं. चार एकर ठेवले, त्यांच्या आईला स्वतःच्या शेतातली भाकरी खायची आहे म्हणून. किंमत माहीत असून महाग घेणं वेगळं, न कळता घेणं वेगळं, असं म्हणाले. माझी बढती गेली, नोकरी राहिली. फार हलकं वाटतंय, बाबा.

त्यांनी एक विचारलं, ते मला सांगता आलं नाही. तुमच्याकडे मीटरच नाही, तर कुणी जास्त पाणी घेतलं की कमी कोणाला पडतं? तुम्ही सांगा. आशीर्वाद असू द्या.

आपला,
सुशील


नागपूर
२३ डिसेंबर

चि. सुशील यास आशीर्वाद. कमी पडतं ते पाटाच्या शेवटच्या शेताले. आपल्या पाटावर ते धोंडबाचं. आपली धानाची बांधी पाटाच्या तोंडाशी, आणि पाण्याचं दार माझ्या हातात. मी ते चार बोटं जास्त उघडं ठेवायचो. धोंडबाचं धान वाळायचं. तो विचारायले आला की वरूनच पाणी कमी आलं म्हणायचो.

तुले उद्याच सांग म्हणून लिहिलं, आणि माझं तीस वर्षं पोटात. लाज वाटली रे. काल रामटेकच्या बसनं गेलो आणि त्याच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं.

त्यानं आधी चहा ठेवायले लावला. मग म्हणाला की त्याले पहिल्याच वर्षी समजलं होतं. मी सांगतो कधी, त्याचीच वाट तो पाहून राहिला होता.

तुझा बाबा